पट्टा माझ्या हातात होता

भूत, चकवा, मुंज्या… असलं काही सांगणाऱ्याला मी उभ्या आयुष्यात एकच विचारत आलो, "प्लग साफ केले होते का?" तीस वर्षं ड्रायव्हरकी केली. आवाज आला की त्याला कारण असतंच, यापलीकडे माझा कशावर विश्वास नाही. म्हणून हे लिहिताना लाजच वाटते. पण आता थकलो, आणि ही एक गोष्ट काही डोक्यातून जात नाही.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मी एका राईस मिलवाल्याची मोटार चालवायचो. एका सकाळी सौंदडहून निरोप आला — मालकाच्या आईची थोरली बहीण शेवटच्या घटका मोजतेय. मालकाच्या आईला आम्ही सगळे मायच म्हणायचो. माय तयार होऊन मागच्या सीटवर मधोमध बसली. मी इंजिन सुरू केलं आणि फॅनबेल्ट असा किंचाळला की मिलमधले हमाल बाहेर आले.

बेल्ट सैल झाला की घसरतो, ओरडतो. तुटला तर पाण्याचा पंप बंद, इंजिनातलं पाणी उकळतं, गाडी जागेवर. रस्त्यात सगळं जंगल… मायला खाली उतरवलं. ती उतरली आणि आवाज बंद.

डायनॅमो सरकवून बेल्ट ताणला. माय बसली, पुन्हा तेच. चालत्या बेल्टवर पाणी ओतून पाहिलं. बेल्ट घसरत असेल तर आवाज बदलतो, पण हा तसूभर बदलला नाही. साबण घासला, तोही वाया. मी स्वतः मागे बसलो, तर गाडी गप्प. शेवटी मायच्या वजनाइतकं तांदळाचं पोतं सीटवर मधोमध ठेवलं. तरी गप्प!

"तिकडे तिचा जीव जाऊन राहिला, अन् तू इकडे तांदूळ बसवून राहिला," माय म्हणाली. "काऊन उशीर करतं?"

"माय, रस्त्यात बंद पडली तर तिचं तोंडही दिसणार नाही तुम्हाले."

मग मी बेल्टच काढला. इंजिन मिनिटभर बिनबेल्टचं चालतं. आवाज थांबला तर दोष बेल्टच्या बाजूला, हे साधं गणित. माय मागे बसलेली, बॉनेट उघडं, पंखा थांबलेला, पट्टा माझ्या हातात… आणि किंचाळणं सुरूच. मी घाबरलो, लपवत नाही.

माय कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "हा तर माहा गणू होय."

गणू तिचा पहिला मुलगा. चार वर्षांचा होऊन देवीच्या आजारानं गेला. या मावशीचा त्याला भारी लळा. सौंदडला जायला बैलांची दमणी जुंपली आणि त्याला घरी ठेवलं की अस्साच किंचाळायचा, हे तिनं दमलेल्या आवाजात सांगितलं. मग ती सरकली, पार दाराला टेकली, शेजारी हातभर जागा केली.

"ये, बस. मावशीकडेच जाऊन राहिलो."

आवाज थांबला.

मी तोच जुना बेल्ट परत चढवला. गोरेगाव, कोहमारा, सौंदड… गाडीनं चूं केलं नाही. बहीण शुद्धीवर होती. दोघी तासभर बोलल्या. दुपारी बहीण गेली.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. माय पुन्हा दाराशी बसली, शेजारची जागा मोकळी. मी इंजिन सुरू केलं. "थांब," म्हणाली, आणि हळूच सरकत मधोमध आली. आम्ही दोघं ऐकत राहिलो. तो आवाज यावा असं मलाच वाटत होतं. नुसतं इंजिन चालत होतं.

"राहिला तिथंच, मावशीजवळ," ती म्हणाली. "चल आता."

गोंदिया येईपर्यंत ती रडत होती. मी आरशात पाहिलं नाही.

पुढे कितीतरी मेकॅनिकांना विचारलं. सगळे म्हणतात, पंपाचं बेअरिंग असेल. अरे, पण बेल्ट नसताना ते बेअरिंग फिरवणार कोण? यावर ते हसतात.  मला मात्र मागे एकटी बाई बसली की गाडी सुरू करून जरा वेळ थांबायची सवय लागली, ती रिटायर होईपर्यंत सुटली नाही.