मामांचा उजवा खांदा

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे साताऱ्यात आमच्या आळीतल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. मामांना ते कळायला मात्र मार्गशीर्ष उजाडावा लागला.

बारावीनंतर वडिलांची बदली झाली. ते मिलिटरीत, त्यामुळे बदली म्हणजे हिंदुस्थानच्या पार दुसऱ्या टोकाला. आई त्यांच्याबरोबर गेली आणि मला तासगावच्या अलीकडे मामांच्या मळ्यात ठेवलं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. द्राक्षाची बाग, बेदाण्याची शेड, घरात मामा आणि मामी दोघंच. मी एसटीने सांगलीला जाऊन काहीतरी शिकावं असं ठरलं. 'काहीतरी' म्हणजे शिवणकाम, असं सगळ्यांनी आपापल्या मनात धरून टाकलं होतं.

मी गेले होते शिवणाचीच चौकशी करायला. बायकांसाठी चालवलेली ती एक व्यवसाय शाळा होती. एका खोलीत मशीनं, दुसरीत बेकरीच्या भट्ट्या. तिसऱ्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत लांब टेबलावर एक पोक्त बाई पालथी झोपून चक्क घोरत होती, आणि तिच्या पाठीला तेल लावणारी बाई गालातल्या गालात हसत होती. सकाळचे अकरा वाजले होते. दिवसाढवळ्या कुणा बाईमाणसाला इतकं निवांत झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या आईला नाही, मामीला नाही. मी शिवणाचा फॉर्म परत दिला आणि मालिशचा मागितला.

आमच्या शिक्षिका पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. बोलणं करवतीसारखं, हात लोण्यासारखे. पहिल्या दिवशी म्हणाल्या, नखं कापा आणि बांगड्या काढा. नखं सगळ्यांनी कापली. बांगड्यांवर अडलं. वर्गातल्या निम्म्याअधिक बायका लग्न झालेल्या. हातातला चुडा काढून मोकळ्या हाताने बसायचं कुणाच्या जिवाला पटेना. बाईंनी पर्समधून रबरबँडचा पुडा काढला. त्या दिवसापासून आमच्या वर्गात बांगड्या कोपरापर्यंत चढवून रबराने आवळलेल्या असायच्या, आणि तास संपला की सगळ्यांच्या हातावर लाल वळ.

दाब किती द्यायचा हे शिकवायला बाईंनी जमिनीवर वजनकाटा ठेवला होता. तळहाताने दाबायचं आणि काट्याकडे न बघता सांगायचं, किती किलो. मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा काटा असा पळाला की बाई म्हणाल्या, "अगं, माणूस आहे तो, भाकरी नाही. थापू नकोस." वर्ग हसला. मीही हसले, पण रात्री मामीच्या पाठीवर सराव केला. मामीला सगळं ठाऊक होतं. मामांना ती काही सांगायची नाही, कारण तिची पाठ आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चोळत होतं.

बाईंचा एक धडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. आपल्याकडची माणसं दुखतंय का विचारलं तर नाहीच म्हणतात. भिडस्तपणा असतो, नाहीतर ताठा असतो. म्हणून तोंडाकडे बघायचं नाही, पायाच्या बोटांकडे बघायचं. दुखलं की बोटं आवळतात. तोंड खोटं बोलेल, बोटं बोलायची नाहीत.

तर तो मार्गशीर्ष. मला बघायला पाहुणे आले. मुलगा बरा होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या काकांनी पोहे खाता खाता विचारलं, "मुलगी काय शिकती?" मामा म्हणाले, "शिवण." आणि माझ्या जिभेला कुठलं आलंय हाड. मी म्हटलं, "न्हाई, मालिश."

पाहुण्यांचे चमचे थांबले. मामांना वाटलं मी थट्टा करतेय. त्यांनी हसून माझ्याकडे बघितलं आणि माझं तोंड बघून त्यांचं हसू गेलं. चहा तसाच ठेवून पाहुणे उठले. त्यांची जीप फाटकाबाहेर पडली आणि मामांनी माझ्या कानाखाली वाजवली. मामांनी मला कधी रागाने हाकसुद्धा मारली नव्हती. मी रडले नाही. बशी हातात तशीच धरून म्हटलं, "भाचीवर हात टाकलासा मामा. हात वर जायचा न्हाई तुमचा."

भाच्याला मारलं की मामाचा हात कापतो, असं आमच्याकडे लहान पोरंसुद्धा म्हणतात. खेळात म्हणतात, चिडवायला म्हणतात. मी मात्र दात खाऊन म्हटलं होतं.

आणि संक्रांतीच्या आत मामांचा उजवा खांदा धरला.

आधी ठणका लागला, मग हात खांद्याच्या वर जाईचना. सदऱ्याची बाही घालायला मामी लागे. एसटीत वरचा दांडा धरता येईना. वळणावर मामा पोत्यासारखे कलंडायचे आणि मी त्यांच्या कमरेला धरून उभी राहायची. बाकी सगळं सोडा, द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर. हात वर जात नसलेल्या माणसाने बागेत करायचं काय? फेब्रुवारीत घड उतरवायला सुरुवात झाली तेव्हा मामा बांधावर खुर्ची टाकून बसले आणि दिवसभर मजुरांवर खेकसले. एप्रिलात खरड छाटणी, घड उतरल्यावर वेलींच्या जुन्या काड्या कापायची. चाळीस वर्षांत पहिली कात्री त्यांच्या हाताची नाही असं झालं नव्हतं. ते संध्याकाळी कात्रीला तेल देत बसायचे.

मी सुजाण होते, शिकत होते. खांदा असा आखडतो, त्या वयात पुष्कळांचा आखडतो, हे माझ्या वहीत आकृतीसकट होतं. तरी रात्री कूस बदलताना मला माझंच वाक्य ऐकू यायचं. मला फार वाईट वाटायचं.

मामा कवठे महांकाळकडच्या हाडवैद्याकडे जाऊन आले, एका लेपवाल्याकडे जाऊन आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही नेमका काखेचाच आजार असताना. इकडे शाळेत बाईंनी सांगितलं, परीक्षेला प्रत्येकीने आपला एक पेशंट आणायचा. त्याच्यावर आधी दोन महिने उपचार केलेले पाहिजेत, त्याची वही पाहिजे. मी घरी येऊन मामीला म्हटलं, "तुमचा गुडघा देतासा का?"

मामी मामांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "माझा गुडघा झ्याक हाय. घरात दुसरं कोन लुळं हाय का बघ."

"भाचीकडनं सेवा घ्यायची न्हाई," मामा आतून म्हणाले. "पाप लागतं."

"मारायला चालती, चोळून घ्यायला न्हाई चालत व्हय?" मामी म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बेदाण्याच्या शेडमधल्या बाकावर मुकाट्याने उताणे झोपले. एक अट मात्र घातली. त्या घरात मामा भाचीला पाया पडू देत नाहीत, भाचीचा हात पायाला लागू देत नाहीत. म्हणून कमरेपासून खाली घोंगडं पांघरलं, पार अंगठ्यापर्यंत.

मी तिळाचं तेल कोमट करून रोज सकाळी एसटीच्या आधी खांदा चोळायची. चोळताना विचारायची, "दुखतंय का मामा?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई गं. लाव जोर."

मी जोर लावायची. मला तो हात लवकरात लवकर वर न्यायचा होता. माझं बोलणं मला परत घ्यायचं होतं, खरं सांगायचं तर. तीन आठवड्यांनी हात होता त्याहूनही खाली आला. मी वही घेऊन बाईंपुढे उभी राहिले आणि तिथे एकदाची रडले. बाईंनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "बोटं बघितलीस का पायाची?"

मी म्हटलं, मामांच्या पायांवर घोंगडं असतं. बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये जाऊन मामांच्या अंगावरचं घोंगडं सरळ ओढून काढलं. मामा उठून बसायला लागले. मी म्हटलं, "हात लावत न्हाई पायाला. नुसती बघणार हाय." आणि खांद्याला अंगठा टेकवला, अगदी हलका, काट्यावर दोन किलोसुद्धा आले नसते. मामांची दाही बोटं मुठीसारखी आवळली.

"दुखतंय का?"

"न्हाई," मामा म्हणाले. डोळे वर पत्र्याकडे.

तीन आठवडे हा माणूस माझ्या हाताखाली मुकाट सोसत होता. का सोसत होता हे मला विचारायची गरज पडली नाही. शिक्षा भोगत होते. आणि मी ती भरभरून देत होते, रोज सकाळी, कोमट तेल लावून.

तिथून सगळं बदललं. मी त्यांच्या बोटांकडे बघूनच हात चालवायला लागले. बोटं आवळली की थांबायचं, सुटली की पुढे. तोंडाने मामा 'न्हाई न्हाई' म्हणत राहिले, पण माझा संवाद आता खाली चालला होता. भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम दिला. जिथे हात पोचेल तिथे मामी कोळशाने रेघ मारायची. मामा पट्टीचे लबाड, टाचा उंचावून एक रेघ जास्त मिळवायचे. मामी खाली बसून टाचा धरायला लागली. आम्ही तिघं त्या शेडमध्ये सकाळी सकाळी इतके हसायचो की बेदाणे निवडायला येणाऱ्या बायका दारात थांबून बघायच्या. एकदा मामांना बाकावरच झोप लागली आणि ते घोरायला लागले. मी तेलाचे हात तसेच धरून गालातल्या गालात हसले.

जुलैअखेरीस परीक्षा. लग्नात गुरुजी हाळी देतात, मामांनी मुलीला घेऊन यावं. इथं शिपायाने माझं नाव पुकारलं आणि भाची मामांना घेऊन गेली. मामांनी नवी टोपी घातली होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "आजोबा, दुखणं कशानं सुरू झालं?"

मामा म्हणाले, "भाचीला मारलं."

परीक्षक बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी घाईघाईने खांद्याचा सांधा, त्याच्याभोवतीचं आवरण, ते कसं आखडतं, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मग मालिश करून दाखवली. मग त्या म्हणाल्या, "आता हात वर करा बघू."

मामांनी हात उचलला. खांद्याच्या वर गेला, कानाच्या वर गेला, पंजा उघडा, पार टोपीच्या वर. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. मी डोळे मिटून मान खाली घातली.

वर्ग खो खो हसला. परीक्षक बाई हसल्या, आमच्या बाई हसल्या. "भाची घाबरते अजून," कुणीतरी म्हणालं. मीही हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी हात हळूच खाली घेतला.

मी पास झाले, तेही बरे मार्क मिळवून. संध्याकाळच्या एसटीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मामांनी आपसूक उजवा हात वर नेला, दांडा धरला आणि डाव्या हाताने मला वळणावर सावरलं. मला इतका आनंद झाला होता की कंडक्टरलासुद्धा सांगावंसं वाटत होतं. मामा मात्र बाहेर बघत होते.

"तवा लय लागलं हुतं का गं तुला?" ते एकदम म्हणाले.

कधी, ते मी विचारलं नाही.

"न्हाई," मी म्हटलं.

मामा दांडा धरून थोडे वाकले आणि खाली, माझ्या चपलांकडे बघत राहिले.