सारख्या उत्तराला सारखे गुण

सुमित्राबाई जाधव यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या पेपर तपासत होत्या, आणि माझ्याकडे मान वर करून पाहण्याचीही त्यांना सवड नव्हती. नव्वदच्या दशकाची नुकती सुरुवात झाली होती. यजमानांची बदली यशवंतपूरच्या एका कारखान्यात झाली म्हणून आम्ही नागपूरहून बंगळूरला आलो होतो, आणि बसवनगुडीतल्या या प्राथमिक शाळेत मला चौथीच्या एका तुकडीला गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. कन्नड मला येत नव्हते; वर्गापुरते मी पुढे शिकत गेले. शिपायाने मला शिक्षकांच्या खोलीत आणून सोडले आणि तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "अक्कांना विचारा, त्या मराठीच आहेत."

अक्कांच्या पुढ्यात पेपरांची चळत होती. त्या एक पेपर उघडत, मधलेच एक पान काढत, काहीतरी लिहीत, मिटून बाजूला ठेवत आणि पुढचा घेत. एकही पेपर पूर्ण तपासून होत नव्हता. मला ते विचित्र वाटले. मी नमस्कार करून उभी राहिले.

"स्वल्प बस," त्या म्हणाल्या. "सातवा प्रश्न चाललाय. सगळ्यांचा सातवा झाला की बोलू."

अर्ध्या तासाने त्यांनी पेन खाली ठेवले, मला डब्यातले तांदळाच्या अक्की रोटीचे दोन तुकडे दिले आणि माझे नाव विचारले. आमच्या आठ-नऊ वर्षांच्या सहवासाची ही सुरुवात.

त्यांची साठ वर्षे पूर्ण होत असताना हा ग्रंथ निघतो आहे. त्यात त्यांच्या शिकवण्याविषयी इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते त्यांच्या पेपर तपासण्याविषयी. हा विषय गौरवग्रंथाला फार लहान आहे असे कोणाला वाटेल. मलाही एके काळी वाटले असते.

अक्कांचे घराणे बंगळूरात किती पिढ्यांपूर्वी आले हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी, पण ती अशी की निम्मी वाक्ये "सरी", म्हणजे "बरं", म्हणून संपतात. थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, आणि शाळेतली चौकीदारापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळी माणसे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी लग्न केले नाही. भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत त्या राहतात. पहिल्या वर्षी माझ्या मुलीला कांजिण्या आल्या आणि नेमके सहामाहीचे पेपर घरी पडून होते. मी निरोप धाडला की माझा गठ्ठा कोणीतरी तपासून द्यावा. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून अक्का स्वतः यशवंतपूरला आल्या. मला वाटले, गठ्ठा न्यायला आल्या. पण त्यांनी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरल्या.

"निम्मे पेपर तू तपासलेस. उरलेले मी तपासले तर त्या मुलांना वेगळं माप लागेल," त्या म्हणाल्या. "तू पेपर घेऊन बस. मुलीजवळ मी आहे."

तीन दिवस त्या आल्या. भात-सारू केले, मुलीला कडुनिंबाच्या पाल्याने वारा घातला, आणि एकाही पेपराला हात लावला नाही. त्यांची माया अशीच असते. आपल्याला हवी असते तशी नाही, पण उपयोगी पडणारी.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. तो माझ्या चुकीचा आहे, म्हणून मीच सांगितला पाहिजे.

माझ्या तिसऱ्या वर्षी शाळेने एक नवा नियम केला. पाचवीपासून एक इंग्रजी माध्यमाची तुकडी काढायची, तिच्यात चाळीस जागा, आणि चौथीच्या वार्षिक परीक्षेतल्या गणिताच्या गुणांवर मुले निवडायची. चौथीच्या तीन तुकड्या होत्या. एक अक्कांची, एक राजम्मांची आणि एक माझी. राजम्मा आमच्यात सर्वांत जुन्या, शिस्तीच्या. प्रत्येकीने आपापल्या तुकडीचे पेपर तपासले, याद्या झाल्या, पन्नासपैकी छत्तीस गुणांवर निवड थांबली, आणि तात्पुरती यादी फळ्यावर लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई शाळेत आल्या. गांधी बाजारात फुलांचे गजरे करून विकणाऱ्या. त्यांची मुलगी भाग्या माझ्या तुकडीत होती, तिला तेहेतीस गुण पडले होते. बाईंनी पेपर मागितला, एका उदाहरणावर बोट ठेवले आणि कन्नडमध्ये भराभर बोलू लागल्या. त्या वेगात मला काही कळेना. अक्का पलीकडे बसल्या होत्या. त्या उठून आल्या.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"म्हणतात, उत्तर बरोबर आहे ना? मग पाचातला एकच मार्क का?"

उदाहरण असे होते: शाळेत ४०३ मुले आहेत, त्यांत १६७ मुली, तर मुलगे किती? भाग्याने वजाबाकी मांडलीच नव्हती. एकाखाली एक ३, ३० आणि २०३ लिहून बेरीज केली होती, २३६. मी ते तपासताना मला वाटले होते की तिने शेजारणीचे उत्तर पाहून खाली काहीतरी आकडे जुळवले. शेजारी लाल पेनाने लिहिलेही होते: "पद्धत चुकीची."

अक्कांनी भाग्याला बोलावून घेतले. ती दाराला टेकून उभी राहिली. अक्कांनी कन्नडमध्ये विचारले, आणि तिने बोटे दाखवत सांगितले. एकशे सदुसष्टला एकशे सत्तर करायला तीन. तिथून दोनशेपर्यंत तीस. दोनशेपासून चारशे तीनपर्यंत दोनशे तीन. आई गजऱ्याची फुले मोजते तेव्हा किती कमी पडतात ते असेच काढते.

माझी चूक मला कळली. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला पश्चात्तापापेक्षा रागच जास्त आला होता. मी म्हणाले, "अक्का, एका मुलीचे गुण वाढवले तर उद्या पन्नास आया येतील."

"येऊ देत," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी बाईंना चार दिवसांनी यायला सांगितले.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला एक पेपर दिला. त्यावर नाव नव्हते, अक्षर मोठ्या माणसाचे होते. "हा तपासून दे," एवढेच म्हणाल्या. मी तपासला, एकतीस गुण दिले. मग त्यांनी माझ्याच तुकडीतला एका मुलाचा पेपर काढून शेजारी ठेवला. तो पेपर मी आठवड्यापूर्वी तपासला होता. अक्कांनी दिलेला पेपर म्हणजे त्याचीच त्यांनी हाताने केलेली नक्कल होती. उत्तर न् उत्तर तेच. आठवड्यापूर्वी मी त्याला अडतीस दिले होते.

मुलगा स्वच्छ अक्षर काढणारा, वर्गात शहाण्यासारखा बसणारा होता. त्याच्या अक्षरात जी चूक मला किरकोळ वाटली, तीच अक्कांच्या अक्षरात मोठी दिसली होती. माझे डोळे भरून आले.

"रडू नको. तुला पकडायला नाही केलं हे," अक्का म्हणाल्या. "आधी मी माझ्यावर करून पाहिलं. राजम्मांकडून माझा एक पेपर उतरवून घेतला. माझे चार मार्क इकडेतिकडे झाले. चाळीस वर्षं मुलं शिकवून झाली असती तरी झाले असते. म्हणून म्हणते, तिघींनी मिळून सगळे पुन्हा तपासायचे."

मुख्याध्यापकांकडे आम्ही तिघी गेलो. गृहस्थ वाईट नव्हते, पण शाळेच्या नावाला जपणारे. त्यांनी हात जोडले.

"अक्का, यादी लागली आहे. आता काढली तर लोक म्हणतील, शाळेत गोंधळ आहे."

"गोंधळ आहेच, सर," अक्का म्हणाल्या.

"तीन-चार गुणांनी काय होतं?"

"फळ्यावरची यादी पाहा. शेवटच्या दहा मुलांमध्ये तीन गुणांचाच फरक आहे. आत कोण आणि बाहेर कोण, हे मुलांनी ठरवलेलं नाही. कोणाचा पेपर कोणाकडे गेला त्याने ठरलंय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पक्क्या यादीवर विषयप्रमुख म्हणून माझी सही होणार नाही. तुम्ही माझ्या जागी दुसरं कोणी नेमा, त्यांची घ्या."

त्या हे आवाज न चढवता म्हणाल्या. हातांची बोटे मात्र पदराशी चाळा करत होती. ते मी पाहिले. सुमित्राबाईंना भीती वाटत नाही असे शाळेत पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्यांना नोकरीची गरज होती आणि निवृत्तीला काही वर्षेच उरली होती. त्यांनी भीतीसकट तसे केले.

मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "तीन दिवस देतो."

एकशे अठरा पेपर होते. आम्ही प्रत्येक पेपराचा नावाचा कोपरा दुमडून टाचणी लावली. दहा प्रश्न तिघींत वाटून घेतले. एका प्रश्नाची सगळी उत्तरे एकाच हाताखालून जाणार. पण त्याआधी पहिला अख्खा दिवस एकही पेपर उघडला नाही. फक्त कशाला किती द्यायचे हे ठरवले. अक्का फळ्यावर लिहीत होत्या आणि राजम्मा भांडत होत्या. ४०३ वजा १६७ मध्ये एका मुलाने हातच्यात चूक करून २४६ लिहिले होते. राजम्मा म्हणाल्या, शून्य. चुकलेले उत्तर म्हणजे चुकलेले उत्तर, दुकानात असे चालेल का?

"दुकान नाही हे राजम्मा, चौथी आहे," अक्का म्हणाल्या. "काय करायचं ते त्याला कळलं. मांडलं बरोबर. एकदा घसरला. एका चुकीला एकदाच कापायचं."

तासभर वाद झाला. शेवटी राजम्मा म्हणाल्या, "सरी. पण माझं पण ऐका. नुसतं उत्तर लिहिलं, काहीच करून दाखवलं नाही, तर पाच देणार नाही." अक्कांनी ते मान्य केले आणि फळ्यावर लिहिले. भाग्याच्या पद्धतीपुढे लिहिले, पूर्ण गुण. त्या दिवशी प्रथमच मला कळले की पेपर तपासणे म्हणजे चुका शोधणे नव्हे. मुलाला काय येते ते शोधून त्याची नोंद करणे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टाचण्या काढल्या आणि बेरजा केल्या. पाच मुले यादीत आली, पाच गेली. भाग्याला सदतीस गुण झाले. तीही यादीत आली. राजम्मा मोठ्याने नावे वाचत होत्या, आणि गेलेल्यांमधले चौथे नाव वाचताना त्या थांबल्या. विनय जाधव. अण्णांचा नातू. तो अक्कांच्याच तुकडीत होता, आणि पहिल्यांदा अक्कांनीच त्याला सदतीस दिले होते. आता चौतीस होते.

राजम्मांनी हळूच विचारले, "पुन्हा पाहू का?"

"सगळ्यांचे पुन्हा पाहणार असाल तर पाहा," अक्का म्हणाल्या. मग पेन उचलत, "माझ्या हातून तीन मार्क जास्त गेले होते. कळलं पण नाही मला." त्यांनी यादीवर सही केली. त्या दिवशी त्या बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या, एरवी कधी येत नसत. घरी जायला पाऊल उचलत नव्हते, हे उघड होते.

पुढे काय झाले ते सांगायला अक्कांनी मला परवानगी दिली आहे. अण्णांच्या सुनेने वर्षभर त्यांच्याशी बोलणे टाकले. एकाच अंगणात राहून. विनय मात्र रोज संध्याकाळी मागच्या खोलीत पाढे म्हणायला येत राहिला, आणि पुढच्या गौरीच्या सणाला त्याची आई स्वतः हळदीकुंकवाचे बोलावणे घेऊन आली. समेट झाला, पण त्या वर्षाने अक्कांचे केस पिकवले हे आम्ही पाहिले आहे.

भाग्या आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात आहे. तिच्या आईने त्या आठवड्यात शेवंतीचा हार आणला होता. अक्कांनी तो घेतला नाही. निकालाशी संबंधित काही घेणार नाही म्हणाल्या. बाईंचा चेहरा पडला. इथे अक्कांचे चुकले असे मला वाटले आणि आजही वाटते. मी तसे बोलूनही दाखवले. पुढच्या शनिवारी त्या स्वतः गांधी बाजारात गेल्या, त्या बाईंकडून गजरा विकत घेतला आणि तिथेच उभ्या राहून केसांत माळला.

त्या वर्षापासून आमच्या शाळेत चौथीचे पेपर असेच तपासले जातात. पण अक्का एवढ्यावर थांबल्या नाहीत. दहा वर्षांच्या मुलांची एका परीक्षेवर वाटणी करू नये, माप कितीही नीट असले तरी, असा अर्ज त्यांनी पुढच्या जूनमध्ये दिला. तो नामंजूर झाला. त्यांनी दरवर्षी दिला. दरवर्षी नामंजूर झाला. यंदाच्या अर्जावर मात्र त्यांच्या सहीखाली राजम्मांची, माझी आणि इतर नऊ शिक्षकांची सही आहे. त्याचे काय होईल ते मला माहीत नाही. त्या निवृत्त झाल्या तरी आम्ही तो देत राहणार आहोत.

येत्या महिन्यात अक्कांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. ते निर्विघ्न पार पडो. त्यांचे गुडघे त्यांना रोज सकाळी बाजारापर्यंत नेऊन आणोत. मागच्या दोन खोल्यांत मुलांची वर्दळ राहो, आणि ज्यांच्याशी भांडावे अशी दोन-चार हट्टी माणसेही राहोत, कारण त्यांवाचून त्यांना करमणार नाही. त्यांना निरोगी, भरभरून आयुष्य मिळावे. त्यांच्या शंभरीला लिहायची पाळी माझ्यावर आली, तर तोवर माझ्याही हातून एवढे धैर्याचे काही घडलेले असावे, अशी प्रार्थना मी त्यांच्यासाठी करता करता स्वतःसाठीही करते.