बरं, येतो

शाळेचे हेडमास्तर पंडित सर बाजारात दिसले तसे तात्याराव खरात दुसऱ्या गल्लीला वळले, पण सरांनी गाठलंच.

"अहो, होता कुठं? त्या पोरीच्या प्रवेशाचं पत्र येऊन दोन महिने झाले की! मला वाटलं, आज येताल, उद्या येताल."

तात्यारावांच्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच राहिली. दोन महिने! म्हणजे त्यांनी अंग काढून घेतलं त्याच आठवड्यात पत्र आलं होतं.

ती पोर म्हणजे अस्मिदा, आठ वर्षांची. ब्रह्मदेशात घर जळालं तसे तिचे आईबाप तिला घेऊन पळाले, कॅम्पात राहिले, मग हैद्राबादला आणि तिथून भंगाराच्या कामासाठी पूर्णेला. तात्याराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. विहारातल्या मंडळींबरोबर ब्लँकेटं वाटायला गेले, तर ही पोर सिमेंटच्या रिकाम्या गोणीवरची अक्षरं बोटानं गिरवत बसलेली. झालं! "हिला शाळेत घालायचं माझ्याकडं लागलं," असं चारचौघांत बोलून मोकळे झाले. बोलायला काय जातंय?

शाळेनं कागद मागितले. यांच्याकडं निर्वासित असल्याचं एक कार्ड, तेवढंच. शाळा म्हणाली, वरून पत्र आणा. मग सुरू झाल्या परभणीच्या शिक्षण ऑफिसच्या चकरा. कधी साहेब मीटिंगला, कधी फॉर्म जुना, कधी सही चुकीच्या जागी. बाकीची मंडळी एकेक करून गळाली. घरी बायको, पंचफुलाबाई, टोचायच्या, "नोकरीत असताना इतक्या वेळेवर निघालात का कधी?" बाराव्या खेपेला साहेब रजेवर, कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. तात्यारावांचं डोकंच उठलं. संध्याकाळी ते अस्मिदाच्या झोपडीत गेले, तिची आई सनोआरानं दिलेला चहा प्याले, "बरं, येतो" म्हणाले आणि निघाले. गुडघेदुखीचं निमित्त घरी सांगायला बरं होतं. पण खरं सांगायचं तर उठतानाच मनात पक्कं होतं, आता पुरे. तेव्हापासून ते भाजीलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायचे. लाज वाटायची, दुसरं काय!

आज मात्र ते मेथीसकट थेट झोपडीकडं निघाले.

सनोआरा दारातच होती. तिचं तोंड उजळलं. वर्षभरात ती मराठी बरी शिकली होती. "आले! मी म्हणली होती, येतेत म्हणून. नवरा म्हणायला, चल परत हैद्राबादला. तिथं आपली माणसं, पोरीला शाळा पण मिळंल. मी न्हाई म्हणली. तात्याराव येतो बोलून गेलेत, कसं जायचं? रोज सकाळी हिची वेणी घालून बसवते."

अस्मिदा आत बसली होती. तेल लावून चापून घातलेली वेणी, धुतलेला फ्रॉक. दोन महिने रोज!

तात्याराव तिच्यासमोर बसले. खोटं बोलून सुटता आलं असतं, आजारी होतो म्हणता आलं असतं. पण जीभ रेटेना.

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "आमच्याकडं निघताना सगळेच 'येतो' म्हणतेत. 'जातो' म्हणणं बरं दिसत न्हाई. पण मी येणार नव्हतो. कंटाळलो होतो मी. आज पत्र आल्याचं कळलं म्हणून तोंड दाखवायलो."

सनोआरा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी साधेपणानं, भाषा शिकणारं माणूस विचारतं तसं तिनं विचारलं,

"मग खरंच यायचं असलं, तर काय म्हणतेत?"

तात्यारावांनी साठ वर्षांची मराठी धुंडाळली, त्यांना एक शब्द सापडेना. शाळा भरायला अर्धा तास होता. त्यांनी उठून अस्मिदाचं बोट धरलं.

"तुमी बी चला," ते सनोआराला म्हणाले. "मला एकट्याला सोडू नका, परत वाट बदलीन मी."