रेघांच्या माणसांचा तिसरा भाग

महागावपासून दीड कोसावरच्या त्या तांड्यात सरकारी प्रसिद्धीची, सिनेमा दाखवणारी गाडी आली, की पडद्याच्या पुढे पुरुष बसत आणि मागे बाया. असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या खेपेला तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, ओट्यापुढची सगळी जागा पुरुषांनी धरली. मग बाया ओढण्या सावरत पलीकडच्या अंगाला गेल्या आणि कापड पातळ म्हणून त्यांनाही चित्र दिसलं. तेव्हापासून तीच रीत पडली. फरक एवढाच, की मागून सगळं उलटं दिसे. पुढच्यांना जो माणूस उजव्या हाताने जेवताना दिसायचा, तो मागच्यांना डावखुरा.

रुपीबाईने हे पहिल्याच दिवशी पकडलं. पन्नाशीची बाई, अक्षर एक येत नव्हतं, पण कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे जडवून जडवून नजर अशी झाली होती, की दहा हातांवरून चुकलेला टाका सांगायची. खेळ संपल्यावर तिने गाडीवाल्या मुख्तारला गाठलं. गाडी चालवणं, पडदा बांधणं, मशीन फिरवणं, सगळं तो एकटाच करी.

"मुख्तारभाई, तुमच्या सरकारात सारे डावखुरेच भरले काय?"

"अवो काकी, पडद्याच्या पुढं येऊन पाहा ना. सारे सुधरून जातील."

"मी पुढं आली तं आमचे मानसं बिघडतील, त्याचं काय?"

मुख्तार इतका हसला, की हातातली रिळाची पेटी त्याला खाली ठेवावी लागली. पुढे दर खेपेला जायच्या आधी तो विचारी, "बोला काकी, आजचं कसं झालं?" आणि रुपीबाई बोले. धरणाच्या चित्रात सिमिटच जास्त, पाणी कुठाय. पुढाऱ्याच्या चित्रात हार घालणारा कॅमेऱ्याकडे पाहून राह्यला, हार चालला खांद्यावरून. दुसऱ्या दिवशी विहिरीवर हेच सगळं ती पुन्हा सांगे आणि बाया ऐकत. खेळाला न गेलेल्याही ऐकत. रुपीबाईने बरं म्हटलं तर बरं, नाही म्हटलं तर नाही.

त्रेसष्ट सालच्या थंडीत मुख्तारने नवीनच काहीतरी आणलं. त्यातली माणसं खरी नव्हती, रेघांची होती. काढलेली चित्रं, पण चालणारी, बोलणारी, शिंकणारी. दगडू नावाचा एक शेतकरी, त्याची बायको, मुलगी, मुलगा, आणि एक बकरी, जी प्रत्येक गोष्टीत तोंड घाली. गोष्ट भागाभागाने दाखवायची होती.

रुपीबाई वेडी झाली. तिने जन्मभर कापडावर मोर काढले होते, पण त्यातला एकही कधी जागचा हलला नव्हता.

"ज्यानं हे बकरी काढली ना, त्यानं बकरी पाळली हाय," ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हणाली. "कान कसा पाडते पाह्यला? पन बाई नाई जमली त्याले. डोक्यावर घागर, अन् चालता चालता मान हालवते. घागर राहीन काय डोक्यावर?"

"त्यानं बायको नसंन पाळली," बसंतीबाई म्हणाली. तिला काही वर्ज्य नव्हतं. बाया फिदीफिदी हसल्या.

पहिल्या भागात शेजारच्या गावात देवीची साथ येते, घराघरांच्या दारांवर कडुनिंब लागतो आणि दगडूची बायको लेकरांना कुशीत घेऊन बसते. तिथेच तो भाग संपला. रुपीबाईला महिनाभर चैन नव्हतं.

"रेघांच्या लेकराची काळजी करून राह्यली," नवरा बाबूसिंग म्हणाला. "घरातल्या म्हाताऱ्याची कर काही."

"तुमचा भाग मी पाह्यला पुरा," ती म्हणाली. "समोर काय होते ते मले ठाव हाय."

दुसरा भाग माघात आला. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, येतो, दगडू आधी पळतो, बकरी त्याचं धोतर धरून त्याला परत आणते. मग मुलीच्या दंडावर टोचतात. मुलगी हसते. दुसऱ्या दिवशी उठून खेळायला जाते. बकरी नाचते. तिसरा भागही त्याच दिवशी दाखवायचा होता, पण पेटी उघडेपर्यंत जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. मुख्तारने हात काळे करून घेतले, कपाळही काळं केलं, आणि शेवटी हात जोडले. "तिसरा राह्यला, काकी. पुढच्या खेपेला."

विहिरीवर बाया वाटच पाहत होत्या. लालीबाई पुढे होती. तिशीच्या आतली, कडेवर तीन महिन्यांचा मुलगा, आणि चार वर्षांची झमकी तिच्या घागऱ्याला धरून. लालीबाई खेळाला आलीच नव्हती, बाळ रडत होतं म्हणून.

"काकी, कसं होतं मंग?"

"खोटं होतं," रुपीबाई म्हणाली. "बकरी चांगली. पन पोरीले टोचते अन् पोरगी हासते! कोनतं लेकरू हासते वो? अन् दुसऱ्या दिवशी खेळाले चालली. ताप नाई, सूज नाई, काही नाई. असं रायते काय?"

"म्हंजे ताप येते?"

"येते तं! माह्या लेकाच्या, खेमसिंगच्या पोराचं मी सोता पाह्यलं ना, उमरखेडले. आठव्या दिवशी हात असा फुगला, खाकेत गाठ आली, दोन रोज कन्हत होतं लेकरू."

आता पुढचं सांगायचं होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तीन आठवड्यांनी खपली पडली, आज ते पोर शाळेतल्या चिंचेवर चढून बसतं, आणि मागच्या साली उमरखेडला साथ आली तेव्हा शेजारच्या दोन घरांत देवी आल्या तरी त्याला काही झालं नाही. हे सगळं रुपीबाईच्या तोंडात होतं. तेवढ्यात बसंतीबाईने ओढणी दातात धरून बकरीचा नाच करून दाखवला, आणि हसण्यात ते राहून गेलं. रुपीबाईही हसली. घागर भरली, ती निघाली. तांड्यात मात्र मागे जे उरलं ते एवढंच, की चित्र खोटं आहे, असं रुपीबाई म्हणते, आणि लेकरं तापाने कण्हतात.

चार दिवसांनी नागोराव आला. देवी काढायला सायकलवर फिरणारा सरकारी माणूस, थकलेला, पायाला धूळ. तो नायकाच्या ओट्यावर बसला आणि नावं पुकारू लागला. पाच-सहा घरची लेकरं मामाच्या गावाला गेली होती म्हणे, एकाच दिवशी. रुपीबाई तेव्हा दारात शेण लावत होती. लालीबाई झमकीचं तोंड हाताने दाबून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे शिरताना तिने पाहिली. दोघींची नजरानजर झाली. लालीबाईने डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नको.

रुपीबाई बोलली नाही. दुसऱ्याच्या लेकरात आपण काय पडायचं, असं तिला त्या घडीला वाटलं. नागोराव गेल्यावर लालीबाई झमकीच्या केसांतल्या काड्या वेचत म्हणाली, "वाचली वो काकी. तू सांगतलं म्हून बरं झालं."

हे वाक्य पुढे रुपीबाईच्या मागे लागलं.

चैत्रात झमकीला देवी आल्या. लालीबाईच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला, घरातली फोडणी बंद झाली, देवीच्या सात दगडांपुढे लापशीचा निवद झाला. बाळाला लालीबाईच्या बहिणीने घाटंजीकडे नेलं. बाहेर कळवायचं नाही, असं नायकाने ठरवलं. देवी रागावते, आणि शिपाईही येतात. रुपीबाई रोज दारापर्यंत जाऊन कडुनिंबाचा पाला ठेवी आणि परत येई. आतून झमकीचा आवाज यायचा. आधी मोठा, मग बारीक, आणि मग दोन दिवस अजिबात नाही.

झमकी वाचली. पण चेहरा गेला, आणि डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला. अंगणात ती आता भिंत धरून चाले आणि कुणी हाक मारली, की सगळी मान वळवून पाहे. लालीबाई रुपीबाईला काही बोलली नाही. दोषाचा एक शब्द नाही. भेटली की "जेवली काय काकी" विचारायची, पहिल्यासारखंच. रुपीबाईला वाटे, हिने एकदा झिंज्या धराव्या, शिव्या द्याव्या.

"मी कोठी म्हनलं होतं टोचू नका?" एकदा ती बाबूसिंगला म्हणाली. "मी चित्राचं म्हनलं."

बाबूसिंग बिडी विझवत बसला. मग म्हणाला, "तू चित्राचं म्हनलं. त्याईनं लेकराचं ऐकलं. पन पऱ्हाट्याच्या ढिगामागं पाह्यलं, तवा तं चित्र नव्हतं ना."



वैशाखात ती बाजाराला महागावला गेली. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात, खिडक्यांना गोणपाट लावून, भरदुपारी खेळ चालला होता. दारात मुख्तार. "काकी! या, या. तिसरा भाग लावला हाय. इथं मागं जागा नाई बरं, पुढंच बसा लागते."

ती पुढे बसली, जन्मात पहिल्यांदा. दगडू उजव्या हाताने जेवत होता. मग पडद्यावर आठवा दिवस उगवला. मुलीचा हात फुगला होता, कपाळावर पट्टी होती, ती रडत होती, आणि ज्याने बकरी चांगली काढली होती त्याने हे रडणंही तसंच काढलं होतं, ओठ आधी खाली वळतो आणि मग आवाज येतो. आई रात्रभर उशाशी बसते. बकरी खायला मागत नाही. मग ताप उतरतो, खपली पडते, दंडावर रुपयाएवढा वण राहतो. शेवटी मुलगी गावातल्या दुसऱ्या एका पोराशी खेळते. त्या पोराच्या तोंडावर वण आहेत.

सगळं होतं. तिने खोटं ठरवलेलं सगळं पुढच्या भागात होतं.

गोणपाटं निघाली, उजेड आला. मुख्तार सवयीने म्हणाला, "बोला काकी, कसं झालं?"

रुपीबाई उठली. मग म्हणाली, "मुख्तारभाई, दोन भाग दाखवून तुमी निंगून गेलते."

"मशीन बंद पडली, काकी. मी काय करू?"

"तुमी काही नका करू. मीच बोलली मधात."

मुख्तारला काही कळलं नाही. त्याने चहा मागवला, पण ती थांबली नाही. बाजारात घ्यायचं मीठही विसरली.

झमकीची बातमी शेवटी बाहेर गेलीच, आणि नागोराव पुन्हा येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी विहिरीवर बाया जमल्या. कुणीतरी विचारलंच, "काकी, तू सांग. देवी काढाव्या काय?" लालीबाईही होती. बहिणीकडून बाळ परत आलं होतं, सहा महिन्यांचं, गुबगुबीत. झमकी विहिरीच्या कठड्याशी.

रुपीबाईने घागर खाली ठेवली. "मी तुमाले अर्धं सांगतलं होतं," ती म्हणाली. "मी अर्धंच पाह्यलं होतं, अन् जे पुरं पाह्यलं होतं तेबी अर्धंच सांगतलं. माह्या नातवाले ताप आला, हे खरं. तो ताप गेला, हे म्या सांगतलं नाई. उमरखेडच्या साथीत त्याले काही झालं नाई, हेबी नाई सांगतलं." तिने लालीबाईकडे पाहिलं. "नागोराव आला तवा म्या लालीले ढिगामागं जातानी पाह्यलं. अन् उगी राह्यली."

  लालीबाई घागर उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रुपीबाई सगळ्यांच्या आधी ओट्यावर जाऊन बसली. नागोरावने तिला दंड पुढे करायला सांगितलं. दंडावर कोपराच्या वर सौभाग्याचा चुडा होता, घट्ट.

"हे काढा लागते, बाई."

मागे बाया चरकल्या. तो चुडा उतरतो एकदाच, नवरा गेल्यावर. बाबूसिंग लांब उभा होता, त्याने खाली पाहिलं.

"काढत नसते मी," रुपीबाई म्हणाली. "कोपराखाली टोचा."

नागोरावने वर पाहिलं, तिचा चेहरा पाहिला, आणि कोपराखाली टोचलं. टोचताना ती हसली नाही. "दुखते वो," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चांगलंच दुखते. आना लेकरं."

मग ती तिथेच बसली आणि एकेक लेकरू मांडीवर धरून देत गेली. रडत होती सगळी. दुपारपर्यंत पुकारलेली नावं संपत आली, आणि लालीबाई अंगणातून येताना दिसली. कडेवर बाळ, मागे झमकी, एका हाताने आईचा घागरा धरलेली. रुपीबाईने दोन्ही हात पुढे केले.

लालीबाईने ते हात पाहिले. ती रुपीबाईला वळसा घालून नागोरावच्या दुसऱ्या बाजूला बसली, बाळाला आपल्याच मांडीवर घेतलं आणि त्याचा दंड स्वतः धरला. बाळ किंचाळलं. तिने त्याला छातीशी घेतलं, थोपटलं, आणि रुपीबाईकडे न पाहता म्हणाली,

"ताप कोन्या दिशी येईन?"

"आठव्या," रुपीबाई म्हणाली. "कधी सातव्या."

"मंग?"

"हात फुगते. खाकेत गाठ येते."

"मंग? आज सारं सांग, काकी."

रुपीबाई सांगू लागली. पाणी किती वेळा पाजायचं, खपली कुणी ओढायची नाही, कोणत्या दिवशी लेकरू पुन्हा दूध मागतं, त्याआधी ते तोंड फिरवतं, घाबरायचं नाही. एकही दिवस तिने गाळला नाही. लालीबाई ऐकत होती, मधे मधे मान हलवत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही.