माझ्या उंचीची मेणबत्ती

गेल्या सप्टेंबरात माझ्या उंचीची एक मेणबत्ती वाकली आणि त्यात माझा कसलाही दोष नव्हता. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात, गल्लीत आणि चर्चबाहेरच्या चहाच्या टपरीवर या प्रकरणाची जी हकीगत सध्या चालू आहे, ती सपशेल खोटी आहे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. बाहेरून आलेला नग मापात बसला नाही तर परत पाठवतो. अर्ध्या मिलिमीटरसाठी परत पाठवतो. पुरवठादार हात जोडतात, सणाला मिठाई आणतात. मी मिठाईही परत पाठवतो. (मिठाईच्या बाबतीत बायकोचं मत वेगळं आहे.) अशा माणसावर निष्काळजीपणाचा आरोप झाला तर त्याला राग येणार नाही तर काय येणार?

सुरुवात आईच्या गुडघ्यापासून झाली. गुडघा बदलायचं ठरलं, डॉक्टरांनी दोन आठवड्यांनंतरचा सोमवार दिला, मी रजा टाकली, आणि आईनं जेवता जेवता जाहीर केलं, "मी ऑपरेशन करणार नाही."

"का?"

"माझा एक नवस राहिलाय."

मी चार वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला होता. ताप काही केल्या उतरेना, तेव्हा आईनं हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे तिथल्या मरियामातेला, नवस बोलला होता. पोरगा उठू दे, त्याच्या उंचीची मेणबत्ती लावीन. पोरगा उठला. पण एका वर्षी वडिलांना रजा मिळाली नाही, एका वर्षी माझी परीक्षा आली, एका वर्षी आत्याचं बाळंतपण निघालं, आणि नवस राहिला तो राहिलाच.

"त्या टेबलावर मला भूल देणार," आई म्हणाली. "उठलेच नाही तर तिला काय तोंड दाखवू?"

मी म्हणालो, "ठीक आहे. चार वर्षांचं पोर साधारण तीन फुटांचं असतं. तीन फुटांची मेणबत्ती स्कूटरवरसुद्धा नेता येईल."

"तीन फुटांची कशाला? तुझ्या उंचीची बोलले होते."

"तेव्हाच्या उंचीची."

"तेव्हा लावली असती तर तेव्हाची. उशीर आपण केला, तिनं नाही केला. तिनं ताप लगेच उतरवला."

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळेच मला जास्त चीड आली. मग मी दुसरी बाजू मांडली. मरियामाउलीची मूर्ती आपल्या चर्चमध्येही आहे, घरापासून चालत जाता येतं, तुझ्या गुडघ्याला तेवढं चालणंही पुष्कळ. जायचंच तर तिथली सप्टेंबरातली यात्रा संपल्यावर जाऊ, गर्दीत कशाला?

आईनं माझ्याशी बोलणंच सोडलं आणि माझ्या बायकोकडे, म्हणजे रूथकडे वळून विचारलं, "का गं, आईशी तर तू रोज फोनवर बोलतेस. मग नाताळात माहेरी कशाला जातेस?"

"ते वेगळं असतं, आई."

"हां. तेच सांग याला."

मग आईनं मलाच सांगितलं. तिचं माहेर तिकडचंच, श्रीरामपूरच्या बाजूचं. लहानपणी ती तिच्या आईचं बोट धरून यात्रेला चालत जायची. "तिथं सगळ्यांच्याच हातात मेणबत्ती असते आणि सगळ्यांचंच काहीतरी दुखत असतं. तू कुणाची कोण, असं कुणी विचारत नाही. माझी आई वर्षातून एकदा तिथं जाऊन रडायची. घरी कधी रडली नाही. इथल्या चर्चमध्ये मला सगळे ओळखतात. इथं रडता येतं का?"

मी जेवण संपवलं आणि यात्रेच्या शनिवारी जायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आई शिवणाचा दोरा घेऊन आली. "उभा राहा भिंतीला. माप घेते."

"मापाची गरज नाही," मी म्हणालो. "पाच फूट आठ इंच."

"कुणाची?" रूथनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"माझी उंची. कारखान्याच्या तपासणी कार्डावर आहे."

"ते कार्ड कोण भरतं?"

"मीच भरतो."

"लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं तुम्हाला पायरीवर उभं केलं होतं," रूथ म्हणाली. "तुमचं नाव दाविद आहे, बायबलातला तो धिप्पाड गल्याथ नाही."

मी भिंतीला उभा राहिलो नाही. ज्याचा व्यवसाय मोजमापाचा आहे, त्याला घरच्यांनी दोऱ्यानं मोजावं, हा अपमान आहे. आईनं दोरा गुंडाळून ठेवला. संध्याकाळी मी छावणीत शफीभाईकडे गेलो. ते प्लास्टिकच्या पाइपात मेण ओतून हव्या त्या लांबीची मेणबत्ती करून देतात.

"पाच फूट आठ इंच," मी म्हणालो. "माझ्या उंचीची हवी आहे."

शफीभाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांना फार वेळ लागला नाही. "साब, पाच-आठ तो मेरा बेटा है. तुमारे से इत्ता ऊंचा." त्यांनी हातानं दाखवलंही.

"पाच फूट आठ इंच," मी पुन्हा म्हणालो.

"बनाता ना साब. मेण का क्या है, जित्ता बोले उत्ता लंबा होता."

एवढी लांब मेणबत्ती आमच्या छोट्या गाडीत मावेना. तेव्हा शेजारचे बबनराव धावून आले. त्यांची गावाकडे शेती आहे, नोकरी शेंद्र्याला, आणि गाडी सात माणसांची. "आमच्या गावचे लोक बी जातात की हरेगावला. माझी चुलती दरसाल जाती. मला बी एक मेणबत्ती लावायचीय," ते म्हणाले. "कशाची ते इचारू नका." मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मेणबत्ती गाडीत ठेवली ती मी स्वतः. मागचं बाक दुमडलं, एक टोक त्याच्यावर आणि दुसरं टोक पुढच्या दोन सीटांच्या मधून डॅशबोर्डवर. दोन्ही टोकांखाली घडी केलेले टॉवेल, वरून जुनी चादर.

"मधी बी काहीतरी टेकू द्या, साहेब," बबनराव म्हणाले. "उशी-बिशी."

"दोन टोकांना आधार पुरेसा आहे. वजनाचा हिशेब मी केलाय."

"व्हय? मंग ठीकय."

आई मधल्या बाकावर बसली आणि तिनं चादरीवर हात ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा ठेवला आणि मग काढलाच नाही. रूथ मेणबत्तीच्या पलीकडे. गोदावरीचा पूल ओलांडेपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, हे मी मुद्दाम नमूद करतो.

पूल ओलांडल्यावर प्रवरासंगमला नाश्त्यासाठी थांबलो. पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन असं पडलं होतं की डांबर चकाकत होतं. बबनरावांनी गाडी एका मोठ्या लिंबाच्या गार सावलीत लावली. लिंबाखाली पाटी होती, 'बससाठी राखीव'.

"बबनराव, गाडी काढा इथून."

"साहेब, बस कवा यायची? लई ऊन हाय."

"पाटी आहे ना? मग झालं."

"इथं एस्टी थांबून जमाना झाला."

"पाटी काढलेली नाही. पाटी आहे तोवर जागा बसची."

गाडी उन्हात लागली. "काचा वर करा," मी म्हणालो. "यात्रेचे दिवस आहेत, कुणीही हात घालील."

आता हॉटेलबद्दल. मिसळ थंड आली. मी ती परत पाठवली. दुसरी आली, तिची तर्री थंड होती. तीही परत पाठवली. यात वेळ गेला हे खरं, पण मिसळ थंड होती हेही खरं आहे, आणि थंड मिसळ गरम म्हणून दिली तर गप्प खाणं माझ्या स्वभावात नाही. आई दोनदा म्हणाली, "दाविद, चल ना आता." मी म्हणालो, "आई, यांना सवय लागते."

गाडीचं दार उघडलं आणि आधी वास आला. गरम मेणाचा, चर्चमध्ये येतो तसा. रूथनं चादर बाजूला केली.

मेणबत्ती मधोमध खाली उतरली होती. उतरून तिथं छान गोल फुगवटा आला होता. डॅशबोर्डकडचं टोक काच आणि टॉवेल यांच्या मध्ये सापडून पुढे झुकलं होतं. चपला शोधताना माणूस जसा खाली बघतो तसं.

 मग रूथनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती.

"मी म्हणलं हुतं, मधी उशी द्या," बबनराव म्हणाले.

"गाडी उन्हात कुणी लावली?" मी विचारलं.

"मी लावली."

"मग?"

"कुणी लावायला लावली?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही 'पाटीनं' असंच देईन.

तोपर्यंत यात्रेला चालत निघालेला एक घोळका थांबला होता. हातात झेंडे, गळ्यात जपमाळा, आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय. एक म्हणे गार पाणी ओता, दुसरा म्हणे रस्त्यावर ठेवून लाटा. बबनराव आणि मी टोकं धरून ओढायला लागलो, तर मधे बारीक चीर दिसली. जांभळ्या पातळातल्या एका मावशी ओरडल्या, "सोडा हो! वाकडी पोचंल, तुटकी कशी न्याल?" आम्ही सोडली.

आई गाडीच्या पायरीवर बसली होती. गुडघा हातानं चोळत. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर. सोमवारचं राहू दे."

"आई, मेणबत्तीचा आणि गुडघ्याचा..."

"मी आयुष्यात एक नवस बोलले, दाविद. एक. तो असा न्यायचा का तिच्यापुढं?"

माझ्याकडे पुष्कळ मुद्दे होते. पाटी, मिसळ, मेणाची प्रत. पण वर्षभर ही बाई रात्री न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाते आणि आवाज होऊ नये म्हणून काठी वापरत नाही, एवढंच डोक्यात आलं.

जांभळ्या पातळातल्या मावशी तिच्याजवळ खाली बसल्या. "कशाचा नवस, बाई?"

"हा जगला त्याचा."

मावशींनी मला पाहिलं, मेणबत्तीला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. "मग ऊठ की. जगलाय ना? माउलीला काय, सरळ लोकांचीच सवय हाय का?"

 आईनं हात पुढे केला आणि मी तिला उठवलं. या वेळी मेणबत्तीच्या पोटाखाली गाडीतल्या तीन उशा गेल्या. बबनरावांनी घातल्या, काही न बोलता. न बोलणं बोलण्यापेक्षा टोचतं.

हरेगावला गाडी लांब लावावी लागली. शेतं, धूळ, पाळणे, पेढ्यांची दुकानं, आणि माणसंच माणसं. पुढे बबनराव, मागे मी, खांद्यांवर मेणबत्ती. तिचं पोट खालच्या बाजूला आलं आणि मागून पोरंबाळं हसायला लागली. आई रूथच्या हाताला धरून एकेक पाऊल टाकत होती आणि तोंडानं जपमाळेची प्रार्थना पुटपुटत होती. मी दोनदा मागे वळून पाहिलं. ती रडत होती. कुणी तिला काही विचारत नव्हतं.

मेणबत्त्या लावायच्या जागी एक तरुण स्वयंसेवक होता. त्यानं आम्हाला थांबवलं. "हे काय आहे?"

"मेणबत्ती," मी म्हणालो.

"उंचीची?"

"हो."

"कुणाच्या?"

आई, रूथ आणि बबनराव, तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. पोरानं मेणबत्ती उभी केली. मी बाजूलाच उभा होतो. त्यानं मेणबत्तीचं पोट पाहिलं, माझं पोट पाहिलं. तिची झुकलेली मान पाहिली, माझी पाहिली. मग गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे. लावा."

"थांब रे बाळा," आई म्हणाली. तिनं पिशवीत हात घातला आणि शिवणाचा तोच दोरा काढला. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला गाठ.

"हे माप कधी घेतलंस?"

"रविवारी दुपारी झोपला होतास तेव्हा. तू झोपलास की तेवढा वेळ सरळ असतोस."

"मग मला मेणबत्ती पाच-आठची का करू दिलीस?"

"तुझ्याशी कोण वाद घालणार? जास्तीची झाली तर झाली म्हटलं."

तिनं एक गाठ जमिनीशी धरायला रूथला सांगितलं आणि दुसरी वर नेली. पाच फूट आठ इंचांची मेणबत्ती वाकून, फुगून, मान टाकून जिथं संपत होती, तिथं गाठ आली. नेमकी. मी बारकाईनं पाहिलं, कारण ते माझं काम आहे. फरक नव्हता.

"तिनं आपलं माप करून घेतलं बघ," आई म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग मेणबत्ती पेटवली, दोरा तिथंच ठेवला आणि परतीच्या वाटेवर गाडीत मला म्हणाली, "सोमवारी किती वाजता जायचं?"

गुडघा उत्तम बसला. ती आता न्हाणीघरात भिंत न धरता जाते, आणि माझ्याबद्दलची ती खोटी हकीगत सांगायला टपरीपर्यंतही चालत जाते. माझी उंची मी हल्ली पाच फूट सहा इंच लिहितो. वर्षानुवर्षं मी अर्ध्या मिलिमीटरसाठी नग परत पाठवत आलो. आणि हरेगावला पोट सुटलेला, मान झुकलेला, सांगितल्यापेक्षा दोन इंच कमी भरलेला नग कुणीतरी एक शब्द न बोलता ठेवून घेतला.

मी मेणबत्तीबद्दल बोलतोय.