फोनवरच्या चिमण्या

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय मी. रस्त्यात उतारा दिसला तर ओलांडून ऑफिसला जाणारी बाई! तरीही हे लिहितेय, कारण संताप अजून उतरत नाही.

रायपूरला चौबे कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. सासरे, म्हणजे बाबा, रेल्वेतून रिटायर झालेले, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. बाल्कनीत त्यांनी चिमण्यांसाठी खोका टांगून घेतला होता. चिवचिवाट झाला की त्यांची सकाळ व्हायची.

मागच्या उन्हाळ्यात समोरच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आला. काही आठवड्यांत चिमण्या गेल्या... खोक्यात पिल्लं मेलेली सापडली. टॉवरमुळेच, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण विचारायचंही नाही? कंपनीकडे हेलपाटे घातले, कोणी फिरकलं नाही. समोरचे घरमालक हसले — "भाभीजी, चिड़िया चाहिए कि नेटवर्क?"

बाबा बोलेनासे झाले.

मग एका दुपारी नागपूरहून बहिणीचा फोन. "काहून वं, किती चिमण्या ओरडून राहिल्या तुह्या घरी! तुहं काहीच ऐकू नाही येऊन राहिलं मले."

मी बाल्कनीतच उभी होते. खोका रिकामा. आवाज म्हणाल तर फक्त कूलरचा.

संध्याकाळी शहराबाहेरच्या सिलतरा औद्योगिक भागातल्या ऑफिसातून नवऱ्याचा फोन आला, त्यालाही तेच ऐकू आलं. हँडसेट बदलला, सिम बदललं. आम्हाला काही नाही. बाल्कनीत फोन घेतला की पलीकडच्याला मात्र चिवचिवाट!

हे कळल्यावर बाबा कितीतरी दिवसांनी बोलले. "मले खाली घेऊन चाल."

गेटपाशी खुर्ची दिली, त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला आणि माझा फोन घेऊन वर बाल्कनीत आले. वरून दिसत होतं — फोन कानाशी घट्ट धरलेला, ओठ हलताहेत.

"बाबा, ऐकू येऊन राहिलं काय?" मी ओरडले.

त्यांनी हात वर केला. चूप!

मग रोज तेच. जेवायलाही लागले नीट. पण नवरा वैतागला — बाल्कनीतून घ्यायचा ते ऑफिसचे कॉल होईनात. मला न विचारता त्याने तक्रार केली. पिल्लं मेली तेव्हा न आलेला इंजिनिअर आता लगेच हजर! त्याने मला फोन देऊन बाल्कनीत उभं केलं आणि जिन्यात जाऊन स्वतःच्या फोनवर ऐकलं. परत आला तो चेहरा उतरवूनच. "मॅडम, लाइन में क्रॉस कनेक्शन होगा."

"वायरलेस में कौन सी लाइन, भैया?"

टॉवरवर काहीतरी खटपट करून तो गेला.

दुसऱ्या दिवशी बाबा खाली बराच वेळ फोन धरून बसले. मी न्यायला गेले तर म्हणाले, "पुन्हा मारल्या वं त्यायनं."

तो आवाज कुठून येत होता, बाल्कनीत उभं असताना आम्हालाच का ऐकू येत नव्हता — माझ्याकडे आजही उत्तर नाही. नवरा तो विषयच टाळतो. कंपनीचा मेसेज मात्र आला — 'आपकी समस्या का समाधान कर दिया गया है।' कोणाची समस्या? कसलं समाधान?