पाच पावलं आणि शिडी

मनिलाच्या उपसागरावरच्या आमच्या कावीतेत कोणी दार ठोठावत नाही. फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायची, घरातून 'या' आलं की आत यायचं. त्यामुळे त्या सकाळी दारावर तीनदा टकटक झाली तेव्हाच मला कळलं, माणूस परका आहे.

तव्यावर सुकी मासळी होती. मागच्या अंगणात ताताय, म्हणजे माझे सासरे पाउस्तो, कोंबड्यांना दाणे घालत होते. घालत कसले, वाढत होते. "तू मागे हो, तुझं झालंय. ही बाई अजून उपाशी आहे." वय पंचाहत्तर, पण हाताची सवय जात नाही. लढाईच्या काळात अमेरिकेच्या आरमारात ते अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढपी होते. तेव्हा आमच्याकडच्या पोरांना आरमार घ्यायचं ते एवढ्याच कामाला. तोफेपाशी गोरे आणि ताटापाशी आम्ही, असं ताताय म्हणायचे.

दारात एक उंच, वाकलेला म्हातारा अमेरिकन उभा होता. हातात टोपी, काखेत फाइल. त्याने नाव सांगितलं, हार्लन स्ट्राउड. माझ्या खांद्यावरून तो अंगणात बघत राहिला.

"तेच का? क्रूझर जहाजावरचे?"

तातायनी मान वळवली, त्याला नीट न्याहाळलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

"ताताय, बसा तुम्ही. कॉफी मी करते."

"तुझ्या कॉफीतून कपाचा तळ दिसतो, पोरी. पाहुणा आरमाराचा आहे."

किटली, दोन कप, दुमडलेला रुमाल असा ट्रे घेऊन ते आले. ओतताना एक थेंब बाहेर गेला नाही. हार्लन त्या हाताकडेच बघत होता.

मग त्याने येण्याचं कारण सांगितलं. पुढच्या महिन्यात अमेरिकेत त्यांच्या जहाजाच्या आठवणीची पितळी पाटी बसणार होती. त्रेचाळीस साली सॉलोमन बेटांपाशी जहाजाला पाणतीर लागला, तेव्हा धुरातून सतरा जणांना बाहेर कोणी काढलं, त्या माणसाचं नाव पाटीवर हवं होतं. जहाजाच्या जुन्या अहवालात ते एका लेफ्टनंटच्या नावावर होतं. तो लेफ्टनंट आता हयात नव्हता. पण हार्लन स्वतः त्या सतरांतला, आणि त्याला कायम वाटायचं की धुरात ऐकलेला आवाज लेफ्टनंटचा नव्हता, तिथल्या वाढप्याचा असावा.

मी तव्याखालचा गॅस बंद केला. ही गोष्ट आमच्या घरात कोणाला नवी नव्हती. ताताय ती एकोणपन्नास वर्षं सांगत होते आणि एकोणपन्नास वर्षं गल्ली हसत होती. न्हाव्याच्या दुकानात ते शिरले की कोणीतरी विचारायचंच, "काय पाउस्तो, आज किती वाचवले? काल सतरा होते." शेजारची पुरिंग तर त्यांच्या तोंडावर म्हणायची, "कॉफीच्या किटलीने विझवली असेल हो आग." ते हसण्यावारी न्यायचे. पण हल्ली ती गोष्ट सांगायचंच त्यांनी सोडलं होतं, आणि ते मला टोचायचं.

"पाटी बसवणाऱ्या समितीने निकाल माझ्यावर सोपवलाय," हार्लन म्हणाला. "पण अट आहे. मी काही सुचवायचं नाही. घडलं ते त्यांनी सांगायचं, आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं."

तातायना इंग्रजी येत होतं, पण ते ताठ बसले. "सात वर्षं साहेबाच्या भाषेत 'हो साहेब' म्हटलंय. हे माझं घर आहे. मी आपल्या भाषेत सांगतो, तू त्याला सांग." कॉन्व्हेंटच्या नन्सनी घासूनपुसून घेतलेलं माझं इंग्रजी असं कामाला आलं.

ते सांगत गेले, मी वाक्यावाक्याला थांबवून सांगत गेले.

लढाई सुरू झाली की वाढपी जहाजभर विखुरले जायचे; खालच्या मजल्यावर खलाशांबरोबर तोफगोळे हातोहात पुढे द्यायला ताताय एकटेच. पाणतीर लागला आणि दिवे गेले. बाहेर सकाळचं ऊन असलं तरी आत काजळ. खलाशी आरडाओरडा करत एकमेकांवर आदळत होते. तातायना मात्र दिव्याची गरज नव्हती. त्याच मजल्यावरच्या स्वयंपाकघरापासून अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत रोज वीस खेपा, दोन्ही हातांत ट्रे, त्यामुळे जमीन दिसायची नाहीच. सगळा रस्ता पावलांनी पाठ. अकरा सरळ, चार डावीकडे, मग लोखंडी उंबरठा, मग पाच, मग जिन्यासारखी शिडी.

"मी एकाचा हात ओढून माझ्या पट्ट्यावर ठेवला. त्याला म्हटलं, मागच्याला तुझा पट्टा धरू दे. अशी माळ केली. पण उंबरठ्यापाशी कोणीतरी पडला."

"मी," हार्लन हळूच म्हणाला.

"पडला आणि माळ तुटली. मी शिडीपाशी, मागचे सगळे धुरात. परत गेलो असतो तर माझ्याबरोबर शिडीपर्यंत आलेले चेंगरले असते. मग तिथूनच ओरडलो. एकच शब्द पुन्हा पुन्हा, आणि त्याला जोडून शिडी. एकेक जण आला. वर लेफ्टनंट होता, तो हात देऊन ओढून घेत होता. त्यानेही चांगलं काम केलं, खोटं कशाला बोलू."

हार्लनने फाइल मिटली. "आता प्रश्न. तो शब्द कोणता?"

"लिमा," ताताय म्हणाले.

"फाइव्ह," मी सांगितलं. नन्सनी शिकवला तसा, खालच्या ओठावर दात टेकवून, स्वच्छ.

हार्लनने चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाला, "बाई, त्यांना पुन्हा विचारा. दुसरा काही शब्द असेल."

मी विचारलं. ताताय चिडले. "पाच पावलं उरली होती तर मी सहा सांगेन?"

"आम्ही सतराच्या सतरा जणांनी वेगळा शब्द ऐकला," हार्लन म्हणाला. "लेफ्टनंटनेही तोच लिहिलाय. मला फार वाटत होतं की हेच असतील." तो टोपी शोधायला लागला. तातायनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं हे त्यांना शब्दांवाचून कळलं असावं, कारण त्यांनी खाली बघून ट्रेमधला रुमाल उलगडला आणि पुन्हा दुमडला.

माझ्या मनात एकदम आलं, उत्तर त्यांनी कुठे दिलंय? उत्तर मी दिलंय.

"ताताय, तुम्ही तिथे आपल्या भाषेत ओरडलात?"

"ते गोरे होते गं. त्यांना लिमा काय कळणार? इंग्रजीत ओरडलो."

"मग ओरडून दाखवा. तेव्हा ओरडलात तसं."

"कोंबड्या भितील."

"भिऊ देत."

ते उठले. पाय फाकून, जहाजावर उभं राहतात तसे उभे राहिले, हात तोंडापाशी नेला आणि असे ओरडले की पुरिंग भिंतीवरून डोकावली.

"पाइब! पाइब! पाइब अँड लॅडर!"

आमच्या जिभेला 'फ' नाही आणि 'व्ह'ही नाही. तातायचं बाप्तिस्म्याचं नाव फाउस्तो. आरमाराच्या यादीत मात्र ते उच्चारायचे तसंच लिहिलेलं, पाउस्तो दिंगलासान.

हार्लन खुर्चीत धपकन बसला. "पाइप," तो म्हणाला. "पाइप अँड लॅडर. आम्हाला वाटलं, पाइप धरा म्हणतोय. मी भिंत चाचपली आणि खरंच एक थंड पाइप हाताला लागला. तो धरून सरकलो, माझ्यामागे बाकीचे. पाइप संपला तिथे शिडी."

मी तातायना सांगितलं. ते थक्क झाले. "तिथे पाइप होता? मी कधी पाहिलाच नाही. माझ्या दोन्ही हातांत ट्रे असायचा."

यावर हार्लन जो हसायला लागला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग फाइल उघडून त्याने भराभर लिहायला घेतलं. "लेफ्टनंट नेब्रास्काचा होता," लिहिता लिहिताच तो म्हणाला. "तो पाच म्हणाला असता तर आम्हाला पाचच ऐकू आलं असतं. आणि पाइप तिथे आहे हे लेफ्टनंटसकट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. पाच म्हणताना पाइप ऐकू येईल असा माणूस त्या मजल्यावर एकच होता. आता समितीने काय, ॲडमिरलने जरी विचारलं तरी उत्तर आहे."

"काय म्हणतोय तो?" पुरिंगने भिंतीवरून विचारलं.

"सतरा म्हणतोय," मी म्हटलं. "मोजून सतरा. न्हाव्याकडे जाऊन सांग."

ती खरंच गेली. दहा मिनिटांत फाटकापाशी अर्धी गल्ली जमली. न्हावी तर हातात वस्तरा घेऊनच आला होता, त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून मागे. त्यानेच आधी टोपी काढली. "पाउस्तोकाका, आजपासून तुमची हजामत फुकट."

"मग आजवर महाग पडलेली कोण भरून देणार?" ताताय म्हणाले, आणि सगळे हसले. या वेळी त्यांच्याबरोबर.

हार्लनने लिहिलेलं मी वाचून दाखवलं. तातायनी खाली सही केली, मोठ्या अक्षरांत, सावकाश. हार्लन उभा राहिला आणि त्याने सलाम केला. तातायनी कपाळापाशी हात नेला, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. वाढप्यांना कोणी सलाम करत नसे.

"पाटीवर तुमचं नाव सगळ्यांत वर असेल," हार्लन म्हणाला. "आम्ही तुम्हाला 'ए पोरा' म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही. मिस्टर दिंगलासान, तुम्हाला आमच्याकडून काही हवं असेल तर सांगा. काहीही."

या वेळी तातायनी मला मध्ये घेतलं नाही. स्वतःच्या इंग्रजीत, त्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"धूर होता. मी कोणाचा चेहरा पाहिला नाही. त्या सतरा जणांची नावं मला एका कागदावर लिहून द्या."